एक खुनाचं, एक खरं

आगाशीच्या वाचनालयात एका वेळी दोन पुस्तकं मिळत, पण दोन्ही कथा-कादंबऱ्या मिळत नसत. एक गोष्टीचं घेतलं की दुसरं 'इतर' कपाटातलं घ्यायचं, असा तिथल्या ग्रंथपालांचा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. ग्रंथपाल निवृत्त शिक्षक होते आणि वाचकांना विद्यार्थी समजायची त्यांची सवय गेली नव्हती. "नुसत्या गोडावर माणूस जगत नाही," असं म्हणून ते दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवत. मला रहस्यकथांचं वेड होतं. म्हणून मी दर खेपेला एक रहस्यकथा घेई आणि तिच्याबरोबर, दंड भरावा तसं, एक आत्मचरित्र. आमच्या घरात पुढे या जोडीला नावच पडलं, एक खुनाचं आणि एक खरं.

हे सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचे दिवस. मी मूळची माणिकपूरची. वडील कचेरीत कारकून होते, त्यामुळे घरात मासिकं येत आणि ती कोणी आधी वाचायची यावरून भावंडांत भांडणं होत. लग्न होऊन नंदाखालला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली पाच-सहा रहस्यकथा होत्या. सासरची माणसं बागायतदार. वाडीत केळी, नारळ, पानवेली, आणि विहिरीच्या कडेनं मोगरा. घरात त्यांची स्वतःची बोली चाले. ती मला हळूहळू समजायला लागली, पण लिहायला कधी जमली नाही. म्हणून त्यांचं बोलणं मी इथे माझ्याच मराठीत सांगते.

सासूबाईंनी माझ्या वाचनाला कधी हरकत घेतली नाही. एकच अट होती, चुलीवर काही असताना पुस्तक हातात घ्यायचं नाही. ती अट घालण्याची पाळी मीच आणली होती, कारण खुनी सापडेपर्यंत एकदा वालाची भाजी पार तळाला लागली होती. मामंजींचं मात्र वेगळं होतं. ते रोजचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत, पण गोष्टीच्या पुस्तकाला हात लावत नसत. "जे झालंच नाही ते वाचून काय करायचं?" एवढंच ते म्हणत. त्यात राग नसे. त्यांना ते खरंच कळत नसे.

मामंजी मुळातच कमी बोलणारे, पण एका माणसाशी ते अजिबात बोलत नसत, आणि तो माणूस त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. आमच्या वाडीला लागूनच काकांची वाडी. मधे अडुळशाचं कुंपण. दोन्ही वाड्यांच्या कोपऱ्यावर एक बावखल होतं. बावखल म्हणजे आमच्या भागातलं गोड्या पाण्याचं तळं. पावसात भरतं आणि उन्हाळ्यापर्यंत बागेला पुरतं. आजेसासऱ्यांच्या मागे जमिनीची वाटणी झाली, पण पाण्याची वाटणी करता येईना, म्हणून बावखल सामाईक राहिलं. काकांनी त्यावर मोटार बसवली. पुढे एका कडक उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं, आमच्या पानवेली जळाल्या आणि काकांच्या तगल्या. त्या दिवशी बावखलाच्या काठावर दोघांत काय बोलणं झालं ते मला कोणीच नीट सांगितलं नाही. माझ्या लग्नाच्या बरंच आधीची ही गोष्ट. आरडाओरडा झाला नव्हता, कोर्टकचेरी झाली नव्हती. फक्त बोलणं थांबलं.

मी या घरात आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी काकी वारल्या. मामंजी अंत्यविधीला गेले, सगळं आटोपेपर्यंत उन्हात उभे राहिले आणि काकांशी एक शब्द न बोलता घरी आले. अंघोळ करून ओटीवर बसले. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र उघडलं नाही. मी नवी सून, मला विचारायची छाती झाली नाही.

त्यानंतर वर्षभरानं मामंजींना मोतीबिंदूचं कळलं. दोन्ही डोळ्यांत होता, पण उजवा आधी करायचा ठरला. मुंबईच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली आणि डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा असे ते परत आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, पुढचे काही महिने डोळ्याला ताण द्यायचा नाही. ज्या माणसाचा दिवस केळीच्या बुडातली माती उकरण्यात जायचा, त्याला हे सांगणं म्हणजे हातपाय बांधून ठेवण्यासारखंच. ते ओटीवरच्या आरामखुर्चीत बसून राहत आणि वाडीतल्या आवाजांवरून काम कसं चाललंय ते ओळखत. "तो नारळ कच्चा पडला," असं तिथूनच म्हणत.

माझे यजमान सकाळी मुंबईला कामावर जात ते दिवेलागणीला परतत. त्यामुळे वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ते किती पुरणार? दुपारी जेवणं झाली की मोठा पोकळ वेळ समोर उभा राही. एके दुपारी मी खांबाला टेकून मनाशीच वाचत बसले होते. मामंजी म्हणाले, "पान उलटल्याचा आवाज येतो. काय आहे?"

"वाचनालयातलं आहे."

"मग मोठ्यानं वाच. एकटीनं कशाला?"

हातात होती रहस्यकथा. सासऱ्यांना खुनाची गोष्ट कशी वाचून दाखवायची, म्हणून मी आत जाऊन दुसरं पुस्तक आणलं. एका निवृत्त मोठ्या अधिकाऱ्याचं आत्मचरित्र होतं. जाडजूड, आत साहेबाचे टोपी घातलेले फोटो. मी वाचू लागले. साहेब जिथे जात तिथे आधी सगळा गोंधळ असे आणि साहेब आले की सुरळीत होई. हाताखालचे लोक आळशी, वरचे लोक मत्सरी. तीन दुपारी आम्ही ते वाचलं. चौथ्या दुपारी मामंजींनी मला हात करून थांबवलं.

"या माणसाचं एकदाही चुकलं नाही?"

"अजून निम्मं पुस्तक आहे, मामंजी."

"निम्म्यात चुकला नाही तो पुढे काय चुकणार. ठेव ते. कधी न चुकलेल्या माणसाशी मी काय बोलू?"

मला हसू आलं, आणि बरंही वाटलं, कारण माझंही हेच मत होतं. त्या धीरावर मी म्हणाले, "दुसरं आहे ते खुनाचं आहे."

ते खुर्चीत सरसावून बसले. मग म्हणाले, "कोणी केला?"

"ते शेवटी कळतं."

"वाच मग."

एका थंड हवेच्या ठिकाणचा बंगला, त्यात उतरलेले पाहुणे आणि सकाळी दिवाणखान्यात सापडलेलं प्रेत, अशी ती गोष्ट होती. दुसऱ्याच प्रकरणात मामंजींनी निकाल दिला, "बंगल्याचा व्यवस्थापक. तो सारखा सगळ्यांना चहा विचारतोय." व्यवस्थापक निर्दोष निघाला. मामंजींना ते लागलं. लेखकानं आपल्याला मुद्दाम फसवलं असं त्यांचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी जेवण उरकून मी हात पुसत बाहेर आले तर ते आधीच येऊन बसले होते.

अशी आमची सुरुवात झाली. दर आठवड्याला मी बसनं आगाशीला जाई, बाजार करी आणि एक खुनाचं, एक खरं घेऊन येई. एकटीनं वाचताना पुस्तक आवडलं की नाही एवढंच मी बघत असे. मोठ्यानं वाचायला लागल्यावर मला मतं फुटली. लबाड रहस्यकथा मोठ्यानं वाचताना लगेच ओळखू येते. गुप्तहेर जमिनीवरून काहीतरी उचलतो आणि ते काय हे लेखक आपल्याला सांगत नाही, तेव्हा आवाजच खाली पडतो. मला ज्या रहस्यकथा आवडत त्यांत मेलेला माणूस आधी थोडा तरी जिवंत असे. त्याला खोकला असे, जिन्यावर बसून पायमोजे घालायची सवय असे. तो गेला की चुकल्या-चुकल्यासारखं होई. बहुतेक लेखकांना तेवढा धीर नव्हता. त्यांना पहिल्या पानावर प्रेत हवं असे.

आत्मचरित्रांचंही तसंच. एका नटीचं आणलं होतं. त्यात शालू, नाटकाचे दौरे, वाजलेल्या टाळ्या असं सगळं होतं आणि वाचायला मोठी मौज येत होती. सासूबाई पानवेलीची पानं लावत दारात बसल्या होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "ही गावोगाव फिरायची तेव्हा हिची मुलं कुठे असत?"

"तसं लिहिलेलं नाही."

"कोणीतरी सांभाळतच असेल ना. मावशी असेल, मोलकरीण असेल. तिला एक ओळ द्यायला हवी होती."

मामंजी म्हणाले, "बरोबर आहे." माझ्या लग्नानंतर त्यांना सासूबाईंच्या एखाद्या बोलण्याला उघडपणे मान डोलावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

एका परिचारिकेचं आत्मचरित्र मात्र आम्हा तिघांनाही फार आवडलं. बाई साधी होती, कुठलंही मोठं काम केल्याचा आव नव्हता. पहिल्या नोकरीत औषधाची बाटली फुटली तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन कशी रडली ते तिनं जसंच्या तसं लिहिलं होतं. ते पुस्तक परत करायला गेले तेव्हा ग्रंथपालांनी नेहमीसारखं विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हणाले, "तिला भेटावंसं वाटलं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या वेळेपासून माझ्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवायला लागले.

याच सुमारास एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काकांची मोटार दुपारी चालत असे. तिचा घरघराट इतका की मला आवाज चढवून वाचावं लागे. एका दुपारी मला जाणवलं, आज घसा दुखत नाही. मग कळलं, मोटार बंद आहे. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशी मी वाचता वाचता कुंपणाकडे नजर टाकली. अडुळशाच्या पलीकडे, आमच्या ओटीच्या अगदी समोर, काका एका केळीची सुकलेली पानं काढत होते. एका केळीला सुकलेली पानं ती किती असणार? पण त्यांचं काम संपत नव्हतं. मी प्रकरण संपवलं, पुस्तक मिटलं, आणि थोड्याच वेळात मोटार सुरू झाली.

मी कोणाला बोलले नाही. मामंजींना एवढ्या अंतरावरचं दिसत नव्हतं आणि त्यांना हे कळलं तर वाचन बंद होईल अशी मला भीती होती.

मग ती जुळ्या भावांची रहस्यकथा आली. इतकी लबाड गोष्ट मी आजवर वाचलेली नाही. खुनी एकाच वेळी दोन गावांत दिसतो, पोलीस चक्रावतात, आपणही चक्रावतो, आणि शेवटून दुसऱ्या पानावर लेखक सांगतो की खुन्याला एक जुळा भाऊ होता. मामंजी खुर्चीत ताठ झाले.

"भाऊ होता तर आधी सांगायला नको?" ते म्हणाले. "अख्ख्या पुस्तकात भावाचं नाव नाही आणि आता म्हणे भाऊ होता."

कुंपणापलीकडून खोकल्याचा आवाज आला. हसू दाबताना माणूस खोकतो तसा. मी मान वर केली नाही. मामंजींचं तोंड त्या दिशेला वळलं आणि तसंच राहिलं. मग ते म्हणाले, "पुरे आज," आणि काठी घेऊन आत गेले.

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ते नेहमीसारखे ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "खरं काढ आज."

खरं होतं एका खेड्यातल्या शिक्षकाचं आत्मचरित्र. ग्रंथपालांनी काढून ठेवलेलं. लेखक कोणी प्रसिद्ध माणूस नव्हता. बदल्या, पावसात गळणारी शाळा, घरी आणलेल्या पेट्यांवर मांडलेला संसार. सात-आठ दिवस आम्ही ते वाचत होतो. मग एक प्रकरण आलं त्यात त्यांची बायको वारते. मी ते आधी वाचून ठेवलेलं नव्हतं. सुरुवातीला ती फक्त आजारी होती. शिक्षक शाळेतून येतो, तिला पेज देतो, ती अर्धी ठेवते. कुठेही रडारड नव्हती. ती गेल्यावर तो घरी येऊन तिनं ठेवलेली पेज तशीच टाकून न देता स्वतः खातो, असं लिहिलं होतं.

तिथे मी थांबले. गोष्टीमुळे थांबले हे खरंच, पण पलीकडे काका उभे होते हे मला ठाऊक होतं म्हणून जास्त. काकींना जाऊन अजून दोन वर्षं झाली नव्हती. समोर उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे काय, या विचारानं मी पुस्तक खाली केलं. म्हणाले, "उद्या वाचू का, मामंजी?"

"का?"

मी पुस्तकातल्या खुणेशी चाळा करत राहिले.

मामंजी जरा वेळ समोर पाहत राहिले, म्हणजे जिकडे त्यांना फक्त हिरवा पट्टा दिसत असेल तिकडे. मग म्हणाले, "वाच. जरा मोठ्यानं वाच."

मी वाचलं. प्रकरण संपेपर्यंत कुंपणाकडे पाहिलं नाही. संपल्यावर पाहिलं तेव्हा तिथे कोणी नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोटारीचा आवाज आला नाही. सासूबाईंनी दारातूनच मला खूण केली, आत ये, त्यांना बसू दे. मी आत गेले. त्या मला म्हणाल्या, "त्यांना बरेच दिवस ठाऊक आहे. मोटार बंद होते हे कान असलेल्या माणसाला कळत नाही का?"

नंतरचे काही दिवस काका कुंपणाशी दिसले नाहीत. मी नवं खुनाचं पुस्तक सुरू केलं. चांगलं होतं, प्रामाणिक. एका धर्मशाळेत उतरलेल्या प्रवाशांची गोष्ट, आणि प्रत्येकाकडे लपवण्यासारखं काहीतरी. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी केळीमागे काकांचा सदरा दिसला आणि मला हायसं वाटलं. पुस्तक अशा ठिकाणी आलं की फौजदारानं सगळ्यांना एका खोलीत बसवलंय आणि आता तो बोलणार. आणि माझा घसा बसला. रोजचं मोठ्यानं वाचणं, त्यात वाडीतल्या कचऱ्याचा धूर. सकाळी उठले तर तोंडातून शब्द फुटेना.

पहिल्या दिवशी मामंजींनी कळ काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनदा पाणी मागितलं आणि दोन्ही वेळा विचारलं, "घसा सुटला का?" मी मान हलवली, मग त्यांना दिसत नाही हे आठवून घोगऱ्या आवाजात "नाही" म्हणाले.

दुपारी मी ओटीखालची मोगऱ्याची फुलं खुडत होते. कुंपणापलीकडून हाक आली.

"सूनबाई, बरं नाही का?"

मी वळून पाहिलं. काका कुंपणाला अगदी लागून उभे होते. माझ्याशी ते त्याआधी कधीच बोलले नव्हते. लग्नात मी वाकून नमस्कार केला होता, तोही दुसऱ्या कोणी सांगितलं म्हणून. मी घशाला हात लावून दाखवला.

"बसलाय होय. तरी म्हटलं दोन दिवस आवाज कसा नाही." ते घुटमळले. मग हळूच म्हणाले, "त्या धर्मशाळेचं पुढे काय झालं?"

मी हात हलवून दाखवलं, अजून वाचलं नाही. खरंच वाचलं नव्हतं. मामंजींना सोडून पुढे वाचायचं नाही असा मी मनाशी नेम केला होता. काका मान डोलावून आत गेले आणि थोड्या वेळानं परत आले. कुंपणावरून त्यांनी हात पुढे केला. हातात विड्याची कोवळी पानं होती, त्यांत ज्येष्ठमधाचा तुकडा गुंडाळलेला. "चघळत राहा. गिळू नको."

मी ते घेऊन ओटीवर आले. मामंजींनी विचारलं, "कोण होतं?"

"काका." माझा आवाज एवढासा निघाला.

"काय म्हणाला?"

"धर्मशाळेचं पुढे काय झालं विचारत होते."

मामंजींनी काठी चाचपली. मला वाटलं, ते आता उठून आत जाणार. ते उठले नाहीत. काठी दोन्ही हातांत धरून, समोर पाहत, वाडीतल्या गड्याला हाक मारताना लावत तसा आवाज लावून ते म्हणाले, "सूनबाईचा घसा काही आठ दिवस सुटत नाही. मला दिसत नाही. आता वाचणारं दुसरं कोणी असेल तर बघायला हवं."

कुंपणापलीकडे काहीच हालचाल झाली नाही. मीही जागची हलले नाही. मग पानांचा आवाज झाला, कोणीतरी चालत दूर गेलं. मामंजींनी मान खाली घातली. मला त्यांच्याकडे बघवेना.

बराच वेळ गेला. सासूबाई चहा ठेवायला उठल्या होत्या. आणि पुढचं फाटक वाजलं. काका कुंपणातून आले नव्हते. रस्त्यावरून वळसा घालून, पुढच्या दारानं आले होते. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, केस ओले करून बसवले होते. ओटीच्या पायरीशी येऊन ते थांबले.

मामंजींना कोण आलंय ते दिसलं नसणार, पण ते म्हणाले, "बस. पुस्तक तिथे आहे. खूण घातलेली आहे."

काका पायरीवर बसले. पुस्तक लांब धरून, मग जवळ धरून त्यांनी ओळ शोधली. शाळेतली मुलं वाचतात तसं ते वाचत होते, प्रत्येक शब्द सुटा आणि सगळे एकाच पट्टीत. फौजदार आणि धर्मशाळेचा मालक, दोघांचा आवाज एकच. जोडाक्षर आलं की अडखळत. एका ठिकाणी त्यांनी दोन पानं एकदम उलटली आणि गोष्ट मधेच तुटली. मामंजी लगेच म्हणाले, "थांब, काहीतरी राहिलं. ती म्हातारी आत्ता खोलीत नव्हती."

"होती की."

"नव्हती. मागचं पान बघ."

काकांनी मागचं पान पाहिलं. "नव्हती," ते म्हणाले.

सासूबाईंनी चहा आणला. दोन कप त्या दोघांच्या मधे ठेवले आणि आत गेल्या. आत येऊन त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मग मलाच दटावलं, "बघत काय उभी राहिलीस, दूध उतू जाईल."

माझा घसा आठवडा व्हायच्या आतच सुटला, पण मी ते बरेच दिवस कोणाला कळू दिलं नाही. काका रोज येत राहिले. पुस्तक संपलं, तेव्हा मी यादीत नसलेल्या सभासदासाठी म्हणून वाचनालयातून आणखी एक आणलं. पुढे काका स्वतःच आगाशीला जाऊन सभासद झाले. ग्रंथपालांनी त्यांनाही तोच नियम सांगितला. त्यावर काकांनी त्यांना सांगितलं म्हणे, "मला खरं पुस्तकच जास्त आवडतं, दोन्ही खरीच द्या." नियम उलट बाजूनं कोणी मोडलेला ग्रंथपालांनी पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी दिली.

पुढच्या हिवाळ्यात मामंजींच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा इस्पितळात रात्रंदिवस काका राहिले. जाड भिंगाचा चष्मा आल्यावर मामंजींना माणसं ओळखू येऊ लागली, मथळे वाचता येऊ लागले, पण बारीक अक्षर काही शेवटपर्यंत जमलं नाही. त्यामुळे वाचन चालूच राहिलं. मी असले तर मी, नाहीतर काका. मला मुलगी झाल्यावर बहुतेक काकाच. दोघांची मतं कधी जुळली नाहीत. मामंजींना खुनाचं आवडायला लागलं होतं, कारण त्यात शेवटी न्याय होतो. काका म्हणत, न्याय झाला तरी गेलेला माणूस परत येत नाही, त्यापेक्षा एखाद्यानं आपल्या आयुष्याचं काय केलं ते ऐकावं. मी दोघांना चहा देता देता कधी या बाजूला असे, कधी त्या.

बावखलाचा प्रश्न त्यांनी सोडवला असं नाही. मोटार काकांच्याच हद्दीत राहिली. माझे यजमान आणि काकांचा मुलगा यांनी आपसांत पाळ्या ठरवल्या आणि मोठ्यांना नंतर सांगितलं. मोठ्यांनी ऐकून घेतलं.

मामंजी गेले त्याला आता खूप वर्षं झाली. त्यानंतर एकदा मी काकांना धीर करून विचारलं होतं, "तुम्ही दोघं त्या उन्हाळ्याबद्दल कधी बोललात का?"

"एकदा त्यानं विषय काढला होता," काका म्हणाले. "म्हणाला, त्या वर्षी मी तुला जे बोललो... मी म्हटलं, पुढचं प्रकरण वाचू का? तो म्हणाला, वाच."

"मग?"

"मग वाचलं. चांगलं होतं ते पुस्तक. एका स्टेशनमास्तरचं. मिळालं तर तूही वाच."

मी ते शोधलं. वाचनालय तोवर दुसऱ्या जागेत गेलं होतं आणि जुनी बरीच पुस्तकं वाळवीनं खाल्ली होती, पण ते मिळालं. काका म्हणाले तितकं काही मला ते आवडलं नाही. स्टेशनमास्तर स्वतःबद्दल फारच जपून लिहितो. पण त्याच्या भावाबद्दल लिहिलेलं एक पान चांगलं आहे, आणि ते मी त्या दिवशी दोनदा वाचलं.